कोल्हापूरहून रेल्वेने येऊन, जड सामानासह मुंबईच्या क्रूझ टर्मिनलला कसं पोहोचावं?

तुम्ही लिहिलंय की महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी मुंबईत पोहोचणार, सोबत सत्तरी ओलांडलेले आईवडील, चार मोठ्या बॅगा, गोव्याची क्रूझ आणि जहाजावर चढायची वेळ दुपारी एकची. दादरला उतरून टॅक्सी करावी की सीएसएमटीपर्यंत जावं, हा तुमचा प्रश्न.

सीएसएमटीपर्यंतच जा. दादरला अजिबात उतरू नका. मी फोर्टात पंचवीस वर्षं नोकरी केली आणि दोन वर्षांपूर्वी आई आणि मावशीला घेऊन याच धक्क्यावरून गोव्याला गेलो, म्हणून ठामपणे सांगतो. दादरला गाडी थोडाच वेळ थांबते. तेवढ्यात चार बॅगा आणि दोन वयस्कर माणसं खाली उतरवायची, मग गर्दीतून पूल चढायचा. सीएसएमटी हे शेवटचं स्टेशन. गाडी तिथून पुढे जात नाही, त्यामुळे डबा रिकामा होऊ द्या, मग निवांत उतरा. सगळे प्लॅटफॉर्म एका टोकाला मोकळ्या आवारात येऊन मिळतात, म्हणून एकही जिना चढावा लागत नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

उतरल्या उतरल्या हमाल करा. लाल सदरा आणि दंडावर बिल्ला असलेलाच माणूस पाहा, दर आधी ठरवा. त्याला सांगा, "पी. डिमेलो रोडच्या बाजूला न्या." लांबच्या गाड्या ८ ते १८ नंबरच्या प्लॅटफॉर्मवर लागतात आणि १८ नंबरच्या बाजूचा दरवाजा त्या रस्त्यावर उघडतो. समोरच्या मोठ्या चौकाकडून बाहेर पडलात तर उगाच वळसा पडतो. तुमचं जहाज जिथून सुटतं तो धक्का, बॅलार्ड पिअर, पूर्वेला, म्हणजे डिमेलो रोडच्याच अंगाला आहे. अंतर जेमतेम दीड किलोमीटर.

खरी अडचण या दीड किलोमीटरचीच आहे. काळीपिवळी टॅक्सीचं किमान भाडं फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपये झालं, तेही पहिल्या दीड किलोमीटरसाठी. म्हणजे तुमचं भाडं जवळपास तेवढ्यातच संपतं. ज्याने तासभर स्टेशनबाहेर नंबर लावलाय, त्याला एवढं जवळचं गिऱ्हाईक नको असतं. तो मान हलवून नाही म्हणतो. त्याच्याशी वाद घालू नका, आईवडील उन्हात उभे राहतात. सामानाचे वेगळे पैसे लागतात हे धरून चाला आणि वर थोडे जास्त द्यायची तयारी ठेवा. कोल्हापूरपासून एवढा खर्च करून आलात, तर इथे शे-दीडशे रुपये वाचवू नका. आणि रिक्षा शोधू नका. मुंबई शहरात, म्हणजे माहीम-सायनच्या अलीकडे, रिक्षा चालतच नाहीत. बाहेरगावच्या बऱ्याच लोकांना हे ठाऊक नसतं.

आता डिकीबद्दल, कारण आमची फजिती तिथेच झाली. मुंबईतल्या बहुतेक टॅक्सी सीएनजीवर चालतात आणि गॅसचं नळकांडं डिकीत असतं. डिकी उघडली की आत ते आडवं पसरलेलं दिसतं, शेजारी एखादी हातातली पिशवी मावेल एवढीच जागा. आम्ही मोबाईलवरून साधी चार सीटची गाडी मागवली होती. तिला वर कॅरिअरही नव्हतं. शेवटी एक मोठी बॅग पुढच्या सीटवर, एक माझ्या मांडीवर, आणि तिसरी आईच्या गुडघ्यांना टेकवून आम्ही निघालो. दर गतिरोधकाला आई दोन्ही हातांनी बॅग धरून ठेवायची. काही बोलली नाही, पण जहाजावर चढल्यावर तिच्या गुडघ्यावर बॅगेच्या चाकाचा काळा वळ उठलेला दिसला. मला अजून त्याचं वाईट वाटतं. म्हणून सांगतो, ॲपवरून मागवणार असाल तर सहा सीटचीच गाडी मागवा. काळीपिवळी करणार असाल तर टपावर कॅरिअर आहे का ते आधी बघा. बॅगा टपावर आडव्या ठेवायला लावा, दोरी हँडलमधून ओवून घेतलीय का ते स्वतः बघा. मोठी गाडी मिळाली नाही तर सरळ दोन टॅक्सी करा, प्रत्येकीत एक धडधाकट माणूस बसवा.

यापुढची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. ड्रायव्हरला "बोटीवर जायचंय" असं चुकूनही म्हणू नका. आमच्या ड्रायव्हरने ते ऐकलं आणि गाडी थेट भाऊच्या धक्क्याला नेली. त्याचं चुकलं असंही म्हणवत नाही. कोकणातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या वळकट्या-ट्रंका घेऊन तिथूनच आगबोटीत बसली आणि आजही रेवस, मोरा, मांडव्याच्या बोटी तिथून सुटतात. मुंबईत बोट म्हटलं की भाऊचा धक्का, नाहीतर एलिफंटाला जाणाऱ्यांसाठी गेटवे ऑफ इंडिया. पण भाऊचा धक्का माझगावला, तुमच्या जागेपासून तीन-चार किलोमीटर दूर. आम्ही तिथे मासळीच्या टोपल्यांच्या गर्दीत बॅगा धरून उभे होतो आणि मावशी विचारत होती, "अरे, एवढं मोठं जहाज आहे कुठे?" त्या फेऱ्यात आमचा पाऊण तास गेला. तुम्ही म्हणा, "बॅलार्ड पिअर, ग्रीन गेट." गोदीला रंगांच्या नावाचे बरेच दरवाजे आहेत, ग्रीन, यलो, ऑरेंज, म्हणून नुसतं "गोदीचं गेट" सांगून भागत नाही. तिकिटावर दुसरं गेट लिहिलं असेल तर अर्थात तेच सांगा.

(एकेकाळी हा सगळा व्याप नव्हता. बॅलार्ड पिअर मोल नावाचं रेल्वे स्टेशनच धक्क्यावर होतं, आणि विलायतेच्या बोटीतून उतरलेले लोक तिथल्या तिथे पेशावरच्या फ्रंटियर मेलमध्ये बसत. आता धक्क्यावर टर्मिनलची नवीकोरी मोठी इमारत झालीय, सप्टेंबर २०२५ मध्ये उद्घाटन झालं, पण तिथवर रेल्वे काही जात नाही.)

सकाळी उतरल्यावर एकपर्यंत तुमच्या हातात पाचेक तास राहतात. इतक्या लवकर धक्क्यावर जाऊन बसू नका. सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये बॅगा ठेवा. मात्र प्रत्येक बॅगेला कुलूप हवं, नाहीतर घेत नाहीत, आणि रेल्वेचं तिकीट व ओळखपत्र दाखवावं लागतं. आम्ही कुलपं विसरलो होतो, ती स्टेशनबाहेर विकत घ्यावी लागली. तुम्ही कोल्हापुरातूनच लावून आणा. मग आईवडिलांना वेटिंग रूममध्ये तोंड धुऊ द्या, स्टेशनसमोरच्या एखाद्या हॉटेलात खायला न्या, आणि साडेअकराच्या सुमारास बॅगा सोडवून निघा. कामाचा दिवस असेल तर डिमेलो रोडवर गोदीचे ट्रक असतात, थोडा वेळ हाताशी ठेवा. रविवार असेल तर बॅलार्ड इस्टेट अगदी सुनसान असतं. रस्ता मोकळा मिळतो, पण वाटेत टॅक्सी सोडली तर दुसरी लवकर मिळत नाही.

गेटवर सुरक्षा जवान तिकीट आणि ओळखपत्र बघतात. सगळ्यांची कागदं एकाच्या हातात ठेवा. आत गेलात की मोठ्या बॅगा तुमच्याकडून घेतात, त्यांना केबिनच्या नंबरचा टॅग लावतात आणि त्या नंतर केबिनच्या दारात येऊन पडतात. आमच्या यायला संध्याकाळ झाली होती. म्हणून वडिलांच्या गोळ्या, चष्मा, चार्जर आणि एकेक कपड्यांचा जोड खांद्यावरच्या पिशवीत असू द्या. आईला रांगेत उभं राहणं जमणार नसेल तर व्हीलचेअरसाठी कंपनीला आदल्या दिवशीच फोन करा. मी तिथे पोहोचून मागितली, तेव्हा बराच वेळ थांबावं लागलं.

परत येताना मुंबईतच उतरणार असाल तर मोठ्या बॅगा आदल्या रात्री केबिनबाहेर ठेवायला सांगतात. सकाळी घालायचे कपडे त्यात भरून टाकू नका. आणि परतीची महालक्ष्मी रात्रीची, म्हणजे तो पूर्ण दिवस पुन्हा क्लोकरूम लागणार. कुलपांच्या किल्ल्या जपून ठेवा.