एडमंटनमधला पहिला डिसेंबर, आणि तुला येणारं रडू

तुझं पत्र दोनदा वाचलं गं. चार वर्षांची पोरगी विचारते आपल्याकडे ख्रिसमसचं झाड का नाही, सासूबाई इकडे नागपूरहून व्हिडिओवर म्हणतात आपल्यात हे नसतं, बाळ आठ महिन्यांचं, नवऱ्याला सुट्टी आहे पण सगळे चार भिंतींत, आणि सव्वाचारला अंधार पडला की तुला रडू येतं. आधी रडण्याचं बोलू, झाडाचं मग बघू.

मी अकरा हिवाळे कॅनडातल्या या एडमंटनमध्ये काढलेत, दोन्ही पोट्टे तिथेच वाढले, आता परत नागपुरात आहे, म्हणून सांगते. आपला डिसेंबर आठव नं. आपण घरात कोंडून घेतो ते मे महिन्यात, पंचेचाळीस डिग्रीत, कूलर लावून, पडदे ओढून. डिसेंबर आला की सगळं बाहेर, गच्चीवर ऊन खात संत्री सोलायची, रविवारी कोणाच्या तरी शेतावर हुरडा, रात्री शेकोटी. म्हणजे तुझ्या अंगाला डिसेंबर म्हणजे बाहेर हेच माहीत आहे, आणि तिथे तू डिसेंबरात मे महिन्यासारखी बसली आहेस. मला वाटतं तुझं अर्धं दुःख हेच आहे.

म्हणून सणाआधी हे कर, रोज अकरा ते दोनच्या मधे पोरांना घेऊन अर्धा तास बाहेर जा. या दिवसांत तिथे सूर्य पावणेनऊला उगवतो, सव्वाचारला जातो, दुपारची झोप लांबली तर उजेड हातातून गेलाच म्हणून समज. कपडे घालायलाच वीस मिनिटं लागतात, मला माहीत आहे, पण जा. अंगाला लागून सुती बनियन नको, ते घामाने ओलं झालं की गार पडतं, लोकरीचं किंवा थर्मल घाल, त्यावर फ्लीस, त्यावर स्नोसूट. बोटं सुटी असलेले हातमोजे नकोत, चारही बोटं एकत्र राहतील असे मिटन घे. विंडचिल, म्हणजे वाऱ्यामुळे अंगाला जाणवणारं तापमान, उणे २७ च्या खाली गेला तर उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते, त्या दिवशी बाहेरचं राहू दे, मॉलमध्ये चक्कर मारा. आणि कारसीटमध्ये फुगीर जॅकेट घालून कधीही बांधू नको, पट्टा सैल राहतो, आधी बांध आणि मग जॅकेट वरून उलटं पांघर. बाळ अंगावर पीत असेल तर रोज ४०० युनिट ड जीवनसत्त्वाचे थेंब चालू आहेत नं, ते बघ.

एवढं करूनही दोन आठवडे रोज रडू येत राहिलं, बाळ झोपलं तरी तुला झोप येत नसेल, तर थंडीवर ढकलू नको. बाळंतपणानंतर वर्षभरात असं होऊ शकतं आणि त्यावर उपचार आहेत. ८११ ला, म्हणजे तिथल्या आरोग्य हेल्पलाइनला फोन कर, चोवीस तास नर्स बोलते, आणि नवऱ्याला आजच सांग.

आता झाड. घे बाई, छोटंसं घे. पोरीच्या शाळेत सगळीकडे तेच आहे, तिला एकटीला बाहेर उभं नको करू. नागपुरात सदर भागातल्या आमच्या घरी नाताळला शेजारून केक आणि करंज्या यायच्या, दिवाळीला आमचा फराळ त्यांच्याकडे जायचा, त्याने आमचे देव कुठे गेले नाहीत. संध्याकाळी गाडीतूनच १४८ स्ट्रीटला कँडी केन लेनची रोषणाई दाखवून आणा. आणि झाडाखाली संत्री ठेव. तिकडे ख्रिसमसला लाकडी नाहीतर पुठ्ठ्याच्या पेटीतून मँडरिन संत्री येतात, पोरांच्या भेटवस्तूंच्या मोज्याच्या टोकाशी एक घालतात, जपानहून ती १९ व्या शतकाच्या अखेरीपासून येताहेत, आणि आपलं नागपुरी संत्रं त्याच मँडरिन जातीचं आहे. माझ्या पहिल्या वर्षी मी दुकानात उभ्या उभ्याच एकाच्या सालीत नख रुतवलं, साल सैल, एका दमात सुटली, तो वास आला आणि मी ती पेटी अशी धरून घरी आणली की जसं काही माहेरूनच आली. पोरीला सांग, हे आजोबांच्या गावच्या संत्र्याचं भावंड आहे.

जेवायला सोलेभात कर. गुजराती दुकानाच्या फ्रीजरमध्ये तुवेर लिलवा म्हणून जे पाकीट मिळतं ते आपले तुरीचे सोलेच. वांगं, बटाटा, हिरवी मिरची, वरून लसणाची फोडणी, झालं. भरताचं वांगं ओव्हनमध्ये भाज, आधी सुरीने टोचे मार नाहीतर फुटतं. पण एक गोष्ट हात जोडून सांगते, कोळशाची शेगडी घरात आणू नको. आम्ही एका वर्षी बाल्कनीतली शेगडी थंडीमुळे दाराच्या आत ओढली, धूर जरासा पण नव्हता, आणि थोड्याच वेळात माझं डोकं जड झालं, लहाना बसल्या बसल्या पेंगायला लागला. खिडक्या उघडून तिघं बर्फात पळालो. त्या वायूला वासच नसतो गं. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का ते आजच बघ.

सासूबाईंशी वाद नको घालू, त्यांना काम दे. तुमचे सकाळचे आठ म्हणजे इथे रात्रीचे साडेआठ. त्या वेळी त्यांनी इथे तुरीच्या शेंगा सोलायच्या, तिकडे पोरीने पाकिटातले सोले निवडायचे, दोघींच्या गप्पा होतात, झाडाचा विषय आपोआप मागे पडतो. माझ्या आईचं असंच झालं, तिसऱ्या दिवशी तीच विचारायला लागली झाडाला दिवे कोणत्या रंगाचे लावले.

आणि जानेवारीचं आत्ताच ठरव, कारण झाड काढून ठेवलं की घर फार भकास दिसतं. बाळाची पहिली संक्रांत आहे, बोरन्हाण कर. १४ जानेवारीलाच पाहिजे असं नाही, रथसप्तमीपर्यंतचा कोणताही शनिवार चालतो. काळं झबलं आणि हलव्याचे दागिने सासूबाईंना आजच कुरिअर करायला सांग, पोचायला वेळ लागतो. बोरं मिळणार नाहीत, चुरमुरे आणि बत्तासे घे, आणि लगेच झाडून घे, आठ महिन्यांचं बाळ हाती लागेल ते तोंडात घालतं. शेजारच्या दोन-तीन पोरांना बोलव, आपली असोत की नसोत. चुरमुरे उधळायला तुझी पोरगी पुढे असू दे.