राग चढतो सेकंदांत, उतरतो तासाभराने

प्रश्न : मुलगा १५ वर्षांचा. शाळेतून आला की जरा काही विचारलं तरी अंगावर येतो. परवा मार्क विचारले, तर मोबाइल भिंतीवर फेकला, धाकट्या बहिणीला ढकललं. मैत्रीण म्हणते, कॉर्टिसोल हे ताणाचं हार्मोन वाढलं असेल, रक्त तपासून घे. तपासू का? – एक आई

उत्तर : ताई, रागासाठी ही तपासणी नको. ती असते मूत्रपिंडावरच्या ग्रंथींचे आजार शोधायला. कॉर्टिसोल सकाळी जास्त, मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी. सुईच्या धास्तीनेही ते वाढतं. सतत मारझोड करणाऱ्या काही मुलांत तर ते कमीच आढळतं!

भडका उडतो तेव्हा ॲड्रेनॅलिन हे दुसरं हार्मोन काही सेकंदांत उसळतं. छाती धडधडते, मुठी वळतात. कॉर्टिसोल मागून येतं, साधारण २० ते ३० मिनिटांनी टोकाला जातं आणि ओसरायला तासभरही घेतं. नेमक्या याच वेळात आपण दार ठोठावतो, ‘आत्ताच्या आत्ता माफी माग’ म्हणतो, आणि विझत आलेलं पुन्हा पेटतं. त्यात मेंदूचा आवर घालणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत असतो. म्हणून ढकलणं चालवून घ्यायचं, असं मात्र मुळीच नाही.

त्या क्षणी आधी मुलीला दुसऱ्या खोलीत न्या. एकच वाक्य, हळू आवाजात : ‘ढकलायचं नाही. तासाभराने बोलू.’ मग खरंच गप्प राहा. दारात उभं राहून त्याची वाट अडवू नका. कोंडल्यासारखं वाटलं की हात उठतो. तासाभराने बोलताना समोर नको, शेजारी बसा. ‘असं का केलंस?’ऐवजी ‘मार्क विचारले तेव्हा काय वाटलं?’ विचारा. फोडलेल्या मोबाइलची भरपाई कशी करायची, ते त्यालाच सुचवू द्या, आणि ठरलं ते मोडू नका.

शाळेतून आल्यावर पहिला अर्धा तास खाणं आणि शांतता, प्रश्न एकही नको. झोपेचा हिशेब आठवडाभर लिहून ठेवा. या वयात ८ ते १० तास लागतात, पण वयात येताना झोपेची वेळच पुढे सरकते. अपुऱ्या झोपेचा मुलगा लवकर बिथरतो. शाळेत कुणी छळतंय का, हेही निवांत वेळी विचारा.

दोन आठवडे बहुतेक दिवसभर चिडचिड, आवडत्या गोष्टींतून मन उडालेलं, झोप-भूक बदललेली असेल, तर बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. किशोरवयात नैराश्य अनेकदा रागाच्या रूपात दिसतं. कुणाला जखम झाली, हातात हत्यार आलं किंवा मरणाची भाषा निघाली, तर त्याच दिवशी न्या, आणि तोवर त्याला एकटं सोडू नका.