वाचक विचारतात : उन्हाळी सुट्टीत मोटारसायकलने घाटवाटा

प्रश्न : मी नागपुरात मानेवाडा भागात राहतो. वय ४३, नोकरी बँकेत. माझ्याकडे ३५० सीसीची मोटारसायकल आहे आणि मित्राकडे १५० सीसीची. मे महिन्याच्या अखेरीस आम्हा दोघांना १२ दिवसांची रजा मिळते आहे. नागपूरहून दिल्ली, मनालीमार्गे लेहपर्यंत मोटारसायकलनेच जावे आणि तसेच परत यावे, रोज ४५० किलोमीटर कापावे, असा बेत आहे. डोंगरातला वळणावळणाचा रस्ता मनसोक्त चालवायला मिळावा, एवढीच इच्छा. बेत योग्य आहे का आणि तयारी काय करावी? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटून दुसरे वाक्य मला फार जवळचे वाटले आणि म्हणूनच स्पष्ट लिहितो, की आपला बेत त्या इच्छेच्याच आड येतो आहे. नागपूर ते दिल्ली सुमारे ११०० आणि दिल्ली ते मनाली सुमारे ५३० किलोमीटर अंतर आहे. आपण धरलेल्या वेगाने जाताना चार आणि येताना चार, असे आठ दिवस बहुतांशी सपाट, सरळ महामार्गावर जातील. उरलेल्या चार दिवसांत मनाली ते लेह हे सव्वाचारशे किलोमीटरहून अधिक अंतर दोनदा पार करायचे, म्हणजे ज्या रस्त्यासाठी रजा टाकली तोच रस्ता घड्याळाकडे पाहत उरकायचा. वाटेत एक पंक्चर झाले किंवा दरड कोसळून रस्ता अर्धा दिवस बंद राहिला, तर तेवढेही हाती लागणार नाही.

दुसरी अडचण उन्हाची आहे. २५ मेपासून नवतपा लागतो. त्या दिवसांत नागपूर, झाशी, ग्वाल्हेर, आग्रा या साऱ्या पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. मोटारसायकलवर वारा लागतो म्हणून बरे वाटेल, ही समजूत अशा वेळी घातक ठरते. हवा त्वचेपेक्षा अधिक तापलेली असेल, तर वेगाने येणारा वारा शरीर निववण्याऐवजी तापवतो आणि घाम जाणवण्यापूर्वीच वाळून जात असल्याने अंगातले पाणी किती गेले, हेही कळत नाही. आठ दिवस असा प्रवास करणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रण देणे आहे.

तिसरी अडचण उंचीची आहे आणि तिच्याविषयी तडजोड नसावी. मनाली सुमारे २००० मीटरवर आहे. तेथून अटल बोगद्यातून पलीकडे गेले की केलाँग ३००० मीटरच्या वर, बारालाचा खिंड ४८०० मीटरच्या वर आणि तांगलांग खिंड ५३०० मीटरच्या वर. तीन हजार मीटरच्या पुढे मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर विसावा घ्यावा, असे गिर्यारोहणाचे वैद्यकशास्त्र सांगते. आपल्या चार दिवसांत ते बसत नाही. त्यातच हा रस्ता बर्फ हटवल्यावर खुला होतो, तारीख दरवर्षी बदलते आणि मेअखेरीला तो हमखास उघडलेला असेल असे धरून रजा टाकणे योग्य नाही.

माझे मत असे, की या वर्षी सातपुडा करावा. नागपूरकरांना सातपुडा इतका जवळ आहे की त्याला आपण सहलीचे ठिकाण समजतो, लांबच्या प्रवासाचा मुलूख समजत नाही. वास्तविक वळणदार रस्त्यांची जी हौस आपल्याला आहे, ती पुरी करण्याइतके घाट त्यात आहेत आणि पहिला घाट घरून निघाल्यावर न्याहारीच्या आधी लागतो.

पहाटे साडेचारला निघावे. सावनेर, सौंसर मागे टाकले की सिल्लेवानीचा घाट येतो आणि आठच्या सुमारास आपण छिंदवाड्यात असता, सुमारे १३० किलोमीटरवर. तेथून परासियामार्गे तामिया गाठावे आणि पहिला मुक्काम तेथेच करावा. तामियाच्या कड्यावरून संध्याकाळी एकामागे एक निळसर होत जाणाऱ्या डोंगररांगा दिसतात. जवळच पाताळकोटची खोल दरी आहे, तिच्या तळाशी भारिया आणि गोंड लोकांची गावे आहेत. दुसऱ्या दिवशी मटकुलीवरून पचमढीला चढावे. हा रस्ता आपल्याकडच्या पुष्कळांनी नागद्वारच्या किंवा महादेवाच्या यात्रेला जाताना जीपच्या मागच्या बाकावर बसून पाहिलेला असतो. स्वतःच्या हाताने चालवताना त्याचे प्रत्येक वळण नवे वाटते. पचमढीला दोन रात्री राहावे आणि धूपगडचा सूर्यास्त चुकवू नये. सुमारे १३५० मीटर उंचीचे हे शिखर सातपुड्यात सर्वोच्च आहे.

तेथून परत परासियाला उतरून जुन्नारदेव, दमुआ, सारणी असे बैतूलला यावे आणि बैतूलहून भैंसदेहीमार्गे परतवाड्याला. हा शेवटचा टप्पा माझ्या विशेष आवडीचा आहे. रस्ता अरुंद असला तरी रहदारी बेताची असते. परतवाड्याजवळ मुक्तागिरीची जैन मंदिरे डोंगरउतारावर उभी आहेत, तेथे तासभर थांबावे. परतवाड्याहून धामणगाव गढीच्या घाटाने चिखलदऱ्याला चढावे आणि दोन रात्री राहून घटांगच्या बाजूने उतरावे. मेळघाट या नावाचा अर्थच घाटांचा मेळ असा आहे आणि तो या दोन वाटांवर हाताला जाणवतो. सेमाडोह, हरिसाल हा जंगलातील रस्ता करायचा असेल तर सूर्यास्तापूर्वी तो संपेल असेच निघावे. पुढे अमरावतीवरून नागपूर. सात-आठ दिवसांत हे सारे शांतपणे होते, चार-पाच दिवस हाताशी उरतात आणि ते उरलेलेच बरे.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे निराशा होणार नाही. दर हजार मीटर उंचीमागे तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. पचमढी आणि चिखलदरा नागपूरपेक्षा सात-आठशे मीटर उंच आहेत, म्हणजे फरक पाच अंशांचा. मे महिन्यात दुपार तेथेही तापते. मात्र सकाळ-संध्याकाळ उत्तम असतात आणि चालवायचे ते त्याच वेळी. म्हणून दिवसाचा बेत किलोमीटरवर न आखता तासांवर आखावा. पहाटे ५ ते १०, मग सावलीत जेवण आणि झोप, पुन्हा ४ ते ६. घाटात तासाला तीस किलोमीटर धरावेत. त्यामुळे दीड-दोनशे किलोमीटरचा दिवस भरगच्च ठरतो.

आता वळणांविषयी. वेग वळणाच्या आधी, मोटारसायकल सरळ असतानाच कमी करावा, गिअर तेथेच खाली आणावा आणि नजर वळण जेथे सुटते तेथे ठेवावी. जेथे आपण पाहतो तेथेच मोटारसायकल जाते. दरीच्या कठड्याकडे पाहत राहिलेला माणूस कठड्याकडेच ओढला जातो. उजव्या वळणावर एक धोका पुष्कळांच्या लक्षात येत नाही. चाके आपल्या बाजूला असली, तरी मोटारसायकल उजवीकडे झुकल्याने आपले डोके आणि खांदा मध्यरेषेच्या पलीकडे, समोरून येणाऱ्या एस.टी.च्या वाटेत गेलेला असतो. म्हणून उजव्या वळणावर आपल्या बाजूच्या डाव्या भागातच राहावे. अरुंद घाटात चढणाऱ्या वाहनाला उतरणाऱ्याने वाट द्यायची, हा नियम आहे. तो पाळावा.

मे महिन्यात सातपुड्यातील वळणांवर सागाची वाळलेली पाने साचलेली असतात. ताटाएवढे ते पान चाकाखाली येताना पापड मोडल्यासारखा आवाज होतो आणि त्याच क्षणी पुढचा ब्रेक दाबलेला असेल तर चाक पानावरून सरकते. सकाळच्या वेळी तेंदूपत्ता तोडून परतणारी कुटुंबे डोक्यावर गाठोडी घेऊन रस्त्याच्या कडेने चाललेली असतात. पाठीमागून येणारी मोटारसायकल त्यांना दिसत नाही. हलका हॉर्न द्यावा आणि लांबून वळसा घ्यावा.

उतारावर इंजिन बंद करणे किंवा क्लच दाबून गाडी सोडून देणे, ही चूक मी स्वतः तरुणपणी केली आहे. पेट्रोल वाचेल या समजुतीने चिखलदऱ्याहून न्यूट्रलमध्ये उतरत होतो. अर्ध्या घाटात जळका वास येऊ लागला आणि पुढच्या वळणावर ब्रेकची मूठ दाबली तेव्हा ती कसलाही विरोध न करता थेट दांड्याला टेकली. सुदैवाने उजव्या हाताला मातीचा चढ होता, त्यात गाडी घातली. मांडीवर भाजल्याचा डाग अजून आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागेल त्याच गिअरमध्ये तो उतरावा, वेग इंजिनाने आवरावा आणि ब्रेक अधूनमधून, नेमका वापरावा. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि त्यामुळे गरम झाल्यावर लवकर उकळते. दोन वर्षे बदलले नसेल तर निघण्यापूर्वी बदलून घ्यावे.

तयारीतील बाकीच्या गोष्टी कोणताही चांगला मेकॅनिक करून देईल. त्यातील चेनकडे मात्र स्वतः लक्ष द्यावे. दर चारपाचशे किलोमीटरला ती पुसून तेल द्यावे. टायरमधील हवा सकाळी, टायर थंड असताना मोजावी. क्लचची जादा वायर, पंक्चरचे साहित्य आणि हवा भरण्याचा छोटा पंप जवळ असावा. मित्राची १५० सीसी या रस्त्यांना पुरेशी आहे. दोघांनी तिच्या वेगाने जावे.

अंगावर पूर्ण बाह्यांचे जाळीचे जॅकेट असावे आणि त्याखाली ओला सुती सदरा. कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांमागे जे तत्त्व आहे तेच येथे काम करते आणि आपल्या कोरड्या हवेत ते उत्तम करते. सदरा वाळला की थांबून पुन्हा भिजवावा. पाणी तहान लागण्यापूर्वी प्यावे, त्यात मीठ-साखर असावी. घरून कैरीच्या पन्ह्याचा अर्क नेला तर फारच चांगले.

हिमालयाची ओढ मी जाणतो. पुढच्या वेळी जाल तेव्हा मोटारसायकल रेल्वेच्या पार्सल कार्यालयातून दिल्लीपर्यंत पाठवावी. टाकी रिकामी करून द्यावी लागते आणि नोंदणीपत्र व ओळखपत्राच्या प्रती लागतात. तेथून सिमला, सराहन, कल्पा, नाको, ताबो, काझा असे किन्नौरच्या बाजूने स्पितीत शिरावे. या वाटेने उंची टप्प्याटप्प्याने वाढते आणि शरीराला सवय होते. मनालीकडून कुंझुम खिंडीने एकदम वर जाण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी शहाणपणाचा आहे. आपले १२ दिवस त्याला नेमके पुरतात.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दरवर्षी मोटारसायकलने फिरतो. घाटात मी मागे बसलेली असताना वळणावर मला भीती वाटते आणि मी विरुद्ध बाजूला झुकते. यजमान म्हणतात, त्यामुळे गाडी ओढली जाते. खरे काय? (एक वाचक, अमरावती मार्ग, नागपूर)

उत्तर : यजमानांचे म्हणणे खरे आहे, परंतु आपली भीतीही स्वाभाविक आहे, कारण मागे बसणाऱ्याला पुढचा रस्ता दिसत नाही. त्यावर सोपा उपाय आहे. वळण ज्या दिशेला असेल त्या बाजूच्या, चालकाच्या खांद्यावरून पुढे पाहावे. डाव्या वळणाला डाव्या खांद्यावरून, उजव्याला उजव्या. असे केले की शरीर आपोआप योग्य तेवढेच झुकते. आपण दोन्ही बाजूंना पाय टाकून बसावे, गुडघ्यांनी चालकाला हलके धरावे आणि ओढणी जॅकेटच्या आत खोचावी. यजमानांनी दोघांच्या वजनाप्रमाणे मागच्या टायरमधील हवा आणि शॉकअॅब्सॉर्बरचा ताण वाढवून घ्यावा. सामान उंच बांधू नये, जड वस्तू आपल्या दोघांच्या जितक्या जवळ राहतील तितके वळणावर चालवणे सोपे जाते. दर तासाला उतरून दहा मिनिटे चालावे आणि थांबण्याचा निर्णय आपल्या हाती असावा, कारण मागे बसणारा माणूस आधी थकतो.

प्रश्न : माझा १९ वर्षांचा मुलगा पाच मित्रांसह जून महिन्यात पचमढीला मोटारसायकलने जाऊ म्हणतो. पाठवावे का? (एक आई, नागपूर)

उत्तर : परवाना असेल, हेल्मेट आयएसआय चिन्हाचे असेल आणि ते हनुवटीखाली बांधले जात असेल, तर पाठवावे. मात्र मृग लागण्यापूर्वी त्यांनी परत यावे. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल आणि धूळ एकत्र येऊन जो चिकट थर होतो, त्यावर अनुभवी माणसेही घसरतात. सहा जणांनी शर्यत न लावता एकामागे एक जावे आणि प्रत्येकाने आपल्या मागच्यासाठी जबाबदार राहावे. फाट्यावर मागचा दिसेपर्यंत पुढच्याने वळू नये. निघण्याच्या आठ दिवस आधी मुलाला टायरच्या बाजूवर कोरलेले चार आकडे आपल्याला वाचून दाखवायला सांगावे. पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. टायर सहा वर्षांपेक्षा जुना निघाला, तर नक्षी कितीही चांगली दिसत असली तरी तो बदलून द्यावा.