पितळी फ्रेम घेऊन 120 डॉलर वाचवावेत का?

प्रश्न: टेक्ससमध्ये राहतो. बंदुकीच्या काळ्या दारूवर चालणारी 1860च्या कोल्ट आर्मी रिव्हॉल्व्हरची इटालियन प्रतिकृती घ्यायची आहे, .44 कॅलिबर (नळीच्या तोंडाचं माप). पितळी फ्रेमची 260 डॉलरला मिळतेय, पोलादी 380 ला. महिन्यातून दोनदा रेंजवर जाईन, दर खेपेला तीसेक बार. पितळी घेऊ का? पितळ आहे, मोडीत तरी काही येईल.

उत्तर: पोलादी घ्या. तुमच्या हिशेबाने वर्षाला 720 बार होतात. पाच वर्षांत 3,600. जास्तीचे 120 डॉलर त्यांवर पसरले, तर बारामागे साडेतीन सेंटही पडत नाहीत.

आता पितळाचं. कोल्टच्या या रचनेत सिलिंडरवरून, म्हणजे गोळ्या भरायच्या फिरत्या नळकांड्यावरून, जाणारी पट्टी नसते. नळीला धरून ठेवणारा दांडा फ्रेममध्ये आट्यांनी बसवलेला असतो आणि प्रत्येक बाराचा ताण त्या आट्यांवर येतो. पितळ मऊ. भरपूर दारू भरत राहिलात की दांडा सैल होतो, सिलिंडर मागे आपटून फ्रेमवर ठसे उमटवतो, नळी आणि सिलिंडरमधली फट वाढत जाते. हे दुरुस्त करणं सोपं नाही. पितळीत बारामागे 20 ग्रेन दारूच्या आसपास राहिलात तर ती पुष्कळ टिकेल, हे मी मान्य करतो. पाउंडात 7,000 ग्रेन, म्हणजे 30 ऐवजी 20 ग्रेन भरून वर्षाला पाउंडभर दारूही वाचेल. पण .44 हातात आल्यावर दर वेळी हात आखडता घ्याल का, हे स्वतःला विचारा.

मोडीचा विचार सोडून द्या. घरातल्या घागरी-हंड्यांची सवय आपल्याला इथवर आणते, पण फ्रेममध्ये पितळ असतं ते किती! दोन्हींपैकी कुठलीच प्रतिकृती गुंतवणूक नाही. ढिगाने बनणाऱ्या वस्तूचा भाव वर्षांनी वाढेल असं धरून चालू नका. हा खर्च छंदाच्या खात्यातला, आणीबाणीच्या निधीला हात न लावता करायचा. दारू, ठिणगी पाडणाऱ्या टोप्या, शिशाच्या गोळ्या, सफाईचं सामान यांचे पैसेही आधीच बाजूला काढा. काळ्या दारूची राख लोखंड खाते, त्यामुळे सफाईत काटकसर नको.

एकाच कारणासाठी मी पितळीला हो म्हणेन. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडे लोखंड-पोलादाची टंचाई होती, म्हणून जॉर्जियात ग्रिसवोल्ड अँड गनिसनने पितळी फ्रेमची .36 रिव्हॉल्व्हर बनवली. त्या इतिहासाची ओढ असेल तर त्याच .36 ची प्रतिकृती घ्या आणि हलका बार भरा. कोल्टने 1860 आर्मी पितळी फ्रेममध्ये बनवलीच नव्हती, तेव्हा तुम्ही निवडलेल्या तुकड्यात इतिहासही नाही आणि टिकाऊपणाही नाही.