लाडक्या कलाकारावर गैरवर्तनाचे आरोप झाले की लोक लगेच त्याचीच बाजू का घेतात? आणि त्याची कामं पुढे बघावीत का?

"सिद्ध झालंय का काही?" हे वाक्य मी माझ्या सख्ख्या दिराच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की तुमचा प्रश्न दिसल्यावर राहवलं नाही. मी ठाण्यात नौपाड्याला राहते आणि व्यावसायिक नाटकांची ड्रेपरी, म्हणजे कलाकारांचे कपडे, सांभाळते. त्यामुळे लोकांची लाडकी माणसं मी विंगेतून बघते.

एका नाटकात एक मोठे नट होते. निर्मातेही तेच. नाव विचारू नका आणि अंदाजही बांधू नका. ओळख पटू नये म्हणून प्रवेशातला तपशील आणि मुलीचं गाव मी मुद्दाम बदललंय. नाटकात ते बाप, आणि मुलगी झालेली पोरगी डोंबिवलीची, तिचं पहिलंच व्यावसायिक नाटक. शेवटच्या प्रवेशात बाप सासरी निघालेल्या मुलीला जवळ घेतो. त्या क्षणाला प्रेक्षकांतून हुंदके ऐकू यायचे.

काही प्रयोग झाले आणि ही पोरगी मला म्हणायला लागली, "ताई, पदर मागून अजून एका पिनेने घट्ट करा ना." मग दोन पिना. मग ब्लाउजचा मागचा गळा वर घ्यायला सांगितला. एका रात्री मी तो प्रवेश विंगेतून नीट पाहिला. समोरच्यांना बापाचा चेहरा आणि डोळ्यांतलं पाणी दिसत होतं. पदराखालून पुढे सरकणारा हात फक्त माझ्या बाजूने दिसत होता. हे भर प्रयोगात, संवाद शेवटच्या रांगेपर्यंत खणखणीत पोचवत. तिला हलता येत नव्हतं, कारण तिचं वाक्य अजून यायचं होतं. दौऱ्याच्या बसमध्ये काय व्हायचं ते मी इथे सांगणार नाही. ते सांगायचं की नाही हे तिने ठरवायचं.

ती बोलली आणि लगोलग रिप्लेसमेंट उभी राहिली. पेपरात नाव न घेता चार ओळी आल्या, व्हॉट्सअ‍ॅपवर नावासकट फिरल्या. पुढचा प्रयोग ठाण्यातच होता. मला वाटलं बुकिंगवर फरक पडेल. हाउसफुल्लचा बोर्ड लागला. त्यांची एन्ट्री झाली तशा टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. पुढच्या रांगांतले लोक उभे राहिले. नट हात जोडून मान खाली घालून थांबले. माझ्या शेजारी विंगेत नवी मुलगी होती, पहिलाच प्रयोग तिचा. टाळ्या ऐकता ऐकता ती हळूच म्हणाली, "ताई, मलाही पदराला पिना जास्त लावा."

मध्यंतरात एक बाई मेकअप रूमपर्यंत आल्या. म्हणाल्या, "आमचे हे गेले त्या वर्षी मी यांच्या मालिकेवर दिवस काढले हो. हा माणूस असं करूच शकत नाही." त्या खोटं बोलत नव्हत्या. तुमच्या "का"ला माझ्याकडे हेच उत्तर आहे. त्या माणसाने त्यांना कठीण दिवसांत तारलं होतं, आणि त्या उपकाराची फेड त्या एका परक्या पोरीकडून करून घेत होत्या. पोरीला कोण ओळखतं? तिच्यावर कोणाची वर्षानुवर्षांची माया नसते.

आता आमच्या भावजींकडे वळते. गौरीच्या जेवणाला, घरभर पाहुणे असताना ते म्हणाले, "वहिनी, टाळी एका हाताने वाजत नाही. आणि इतकं होतं तर तेव्हाच का बोलली नाही?" भावजी, ती तेव्हाच बोलली होती. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने तक्रारीला घटनेपासून तीन महिन्यांची मुदत असते, कारण पटलं तर आणखी तीन मिळतात. तिने मुदतीत अर्ज दिला. आणि उशिरा बोलणाऱ्यांचं म्हणाल, तर पत्रकार प्रिया रमानीच्या खटल्यात दिल्लीच्या न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये स्पष्ट म्हटलंय की कित्येक दशकांनंतरही बाईला आपली तक्रार मांडायचा हक्क आहे. खटला तिच्यावर भरला होता, तिने ज्याच्यावर आरोप केला त्यानेच, बदनामीचा. ती निर्दोष सुटली.

राहिलं "सिद्ध". याच कायद्याचं कलम १६ वाचा. तक्रारीत काय होतं, चौकशीत काय निघालं, समेट झाला की शिफारस झाली, यातलं काही जाहीर करता येत नाही. मुलीच्या भल्यासाठीच ते कलम आहे आणि मी ते पाळते. पण त्यामुळे बंद दाराआड काहीही झालं तरी बाहेरचा माणूस आयुष्यभर "काही सिद्ध झालं नाही" म्हणत फिरू शकतो. भावजी तेच करतात. त्यांना माहीत नाही आणि मला सांगता येत नाही, यातून नट निर्दोष ठरत नाही.

हे फक्त आपल्याकडे होतं असंही नाही. अमेरिकेतल्या लोकप्रिय विनोदी नट बिल कॉस्बीविरुद्ध एका बाईने २००५ मध्येच पोलिसांत तक्रार केली होती. लोकांच्या कानात ते शिरलं २०१४ मध्ये, एका पुरुष विनोदवीराने स्टेजवरून म्हटल्यावर. २०१८ मध्ये शिक्षा झाली, २०२१ मध्ये रद्द झाली, आणि रद्द झाली ती आधीच्या सरकारी वकिलाने खटला न भरण्याचा शब्द दिला होता म्हणून. केरळात मल्याळम सिनेमातल्या बायकांच्या छळाबद्दलचा हेमा समितीचा अहवाल डिसेंबर २०१९ मध्ये सरकारला मिळाला, लोकांसमोर आला ऑगस्ट २०२४ मध्ये. तोवर सगळ्यांचे सिनेमे चालूच होते.

खोट्या तक्रारी होतच नाहीत असं माझं म्हणणं नाही. जाणूनबुजून खोटी तक्रार केली तर कलम १४ खाली कारवाई होते, पण नुसता पुरावा कमी पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, हेही तिथेच लिहिलंय. ज्याच्यावर आरोप आहे त्याचं ऐकून घेतलंच पाहिजे, आणि त्याच्या बायकामुलांना शिव्या घालणारे लोक मला अजिबात पटत नाहीत. पण "अजून ठरायचंय" म्हणणाऱ्याने गप्प बसावं. उभं राहून टाळ्या वाजवणाऱ्याचं ठरलेलं असतं.

कामं बघावीत का, हे तुमचं तुम्ही ठरवा. मी त्या प्रयोगानंतर ते नाटक सोडलं, नाइट, म्हणजे प्रयोगाचे पैसे, बुडाली तरी. जुनं रेकॉर्डिंग घरी बघणं वेगळं, पण निर्माताच तो असेल तर तिकिटाच्या पैशातून पुढची रिप्लेसमेंट उभी राहते, म्हणून मी तिकीट काढत नाही.

आणि हे वाचणारी कोणी नाटकात, ऑर्केस्ट्रात किंवा मालिकेत काम करत असेल तर: दहापेक्षा कमी माणसांचं युनिट असेल किंवा तक्रार खुद्द मालकावर असेल, तर अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जातो. ठाण्यात त्यासाठी कोर्ट नाक्यावरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करा. अर्जाच्या सहा प्रती लागतात, सोबत कागदपत्रं आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. साक्षीदार सहकलाकारांतच शोधू नका, त्यांचं काम त्याच माणसाच्या हातात असतं. ड्रेपरीवाल्यांना विचारा, लाइटवाल्यांना विचारा, बसच्या ड्रायव्हरला विचारा.