जुन्या बीबीएसच्या मेनूला मराठी आयकॉन लावायचेत, कशात काढू?

तुम्ही विचारलंय की रिप ग्राफिक्सवाली (रिप म्हणजे फोनवरनं चित्रांचा मेनू दाखवायची पद्धत) जुनी बीबीएस (मोडेमनं फोन लावून बघायचा कॉम्प्युटरवरचा बोर्ड) हौसेनं परत उभी करतोय, मेनूत मराठी बटणं हवीत, तर विंडोजच्या कुठल्याही आयकॉन एडिटरमध्ये काढून कन्व्हर्ट केलं तर चालेल का. नाही चालणार. फाइल होईल तयार, पण अक्षर बिघडेल, आणि ते का बिघडतं हे कळायला मला १९९५ साली तीन आठवडे लागलेत म्हणून एवढं लिहितोय.

बेळगावात टिळकवाडीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवायचो. सरांनी २४०० चा मोडेम आणलेला, रात्री क्लास सुटला की त्याच फोनवर बीबीएस लागायची. येणारे पंधरावीस जण, उद्यमबागेतले दोन फाउंड्रीवाले, एक बटाट्याचा अडत्या, आणि निपाणीचा एक तंबाखूवाला एसटीडी लावून यायचा. मेनू सगळा इंग्रजी. अडत्याच्या घरी त्याचे वडील पण बाजारभाव बघायला बसायचे, पण त्यांना मुलगा हाताशी लागायचाच कारण इंग्रजी वाचता येत नव्हतं. डॉसमध्ये मराठी दिसायची तर सीडॅकचं जिस्ट कार्ड मशीनमध्ये बसवायला पाहिजे, ते प्रत्येकाच्या घरी कुठनं येणार? पण आयकॉन हे चित्र असतंय, चित्रात अक्षर काढलं की झालं, समोरच्याकडं कसलंही कार्ड लागत नाही. मला हे सुचलं आणि मग रात्री झोप नाही.

आयकॉन काढायचा एडिटर मी टर्बो सीमध्येच (बोरलँडचा सी भाषेचा कंपायलर) लिहिला. रिपची आयसीएन म्हणजे आयकॉनची फाइल, ती म्हणजे बोरलँडच्या गेटइमेज या फंक्शननं पडद्यावरनं उचललेला तुकडा जसाच्या तसा फाइलीत टाकलेला असतो, आधी रुंदी-उंची (दोन्ही एक वजा करून), मग प्रत्येक ओळीचे चार प्लेन (रंगाचे थर), शेवटी दोन बाइट. त्यामुळं कन्व्हर्टरची गरजच नाही, उचला आणि एफराइटनं फाइलीत लिहा. पडद्यावर मोठे चौकोन, ॲरोनं फिरायचं, स्पेसनं रंग भरायचा, कोपऱ्यात खऱ्या मापाचं चित्र. अक्षर त्या कोपऱ्यातल्या चित्राकडं बघूनच काढायचं, मोठ्या चौकोनात सगळंच छान दिसतं. ‘भाव’ काढताना भ च्या डोक्यावरच्या रेघेत एक ठिपका मोकळा सोडावा लागतो, माझ्या पहिल्या चित्रात तो भरला गेला आणि अडत्यानं फोन करून विचारलं, ‘हे माव काय गा?’ ध आणि घ चं पण तेच, एका ठिपक्यावर सगळं.

कन्नड सेट माझा शहापूरचा मित्र काढत होता, कारण गिऱ्हाईक दोन्हीकडचं आणि बोर्ड दोन्ही भाषेत पाहिजे हे आम्हाला कुणी सांगायला लागलं नाही. खरी चूक त्याच्याकडनं सापडली. कन्नडात अनुस्वार म्हणजे पूर्ण गोल असतो. त्यानं ‘अंगडी’ काढलं, एडिटरमध्ये गोल बरोबर गोल, आणि रिपटर्ममध्ये (रिपचा मेनू बघायचा प्रोग्राम) बघतोय तर अंडं. माझ्या मराठी अक्षरात सरळ रेघा जास्त म्हणून मला फक्त जरा लांबट वाटत होतं, मी मनावर घेतलं नव्हतं. कारण साधं निघालं. टर्बो सी आपोआप व्हीजीए ग्राफिक्स कार्डाचा ६४० बाय ४८० मोड लावतं, तिथं ठिपका चौरस. रिपचा पडदा मात्र त्याआधीच्या ईजीए कार्डाचा, ६४० बाय ३५०, तोच मॉनिटर पण ओळी कमी, म्हणून एकेक ठिपका उभट, रुंदीच्या साधारण १.३७ पट. एडिटर ईजीएहाय म्हणजे त्याच ६४० बाय ३५० च्या मोडमध्ये चालवला आणि चौरस दिसायला पाहिजे तिथं रुंदी ३२ तर उंची २३ धरली, दोघांचे पण सेट एका रात्रीत सुधारले.

तर तुमचं उत्तर. रिप काढणाऱ्या टेलिग्राफिक्स कंपनीचं रिपेंट (चित्रं काढायचा प्रोग्राम) मिळालं तर ते घ्या, ते त्याच पडद्यावर काढतं. नाही मिळालं तर टर्बो सीत स्वतः लिहा, दोनशे ओळींचं काम आहे. दोन्ही डॉसबॉक्समध्ये (आजच्या मशीनवर डॉस चालवायचा प्रोग्राम) चालवताना कॉन्फ फाइलीत ॲस्पेक्ट ट्रू करा, मूळ डॉसबॉक्समध्ये ते फॉल्स असतं, म्हणजे ठिपका परत चौरस आणि तुमचं पण अंडंच होणार. फोटोशॉपात काढून लहान करणं तर करूच नका, शिरोरेषेचा नुसता धूर होतो.

आणि कुणी म्हणेल आयकॉननं लाइन अडते, तर ऐकू नका. आमच्या सरांनी हेच म्हणून एका सोमवारी सगळे आयकॉन काढून आन्सी मेनू (नुसत्या रंगीत अक्षरांचा) परत लावला. ‘काय करूलालास, चित्रं काढायचीत तर ड्रॉइंग मास्तर हो की’, असं पोरांसमोर बोललेत. मी हिशोब मांडला, त्यांनी कागद बघितला पण नाही. ६४ बाय २४ चा एक आयकॉन ७७४ बाइट, बारा आयकॉनचे ९,२८८, आणि २४०० च्या मोडेमला सेकंदाला २४० बाइट धरले तर चाळीस सेकंदाच्या आत. ते पण एकदाच, नंतर फाइली समोरच्याच्या डिस्कवर असतात, आपण फक्त नाव पाठवायचं. उलट आन्सीचा भरलेला पडदा ८० गुणिले २५ म्हणजे २,००० अक्षरं, रंगाचे कोड वेगळे, आठ सेकंद, आणि हे प्रत्येक वेळी मेनूवर आलं की परत. निपाणीवाल्याचं बिल कशानं वाढत होतं ते यातनं दिसतंय. मी त्या महिन्यात क्लास सोडला.

एक मात्र आहे, ज्याच्याकडं रिप चालणारा टर्मिनल नाही त्याला हे आयकॉन दिसणारच नाहीत, म्हणून साधा मेनू पण ठेवा. फाइलींची नावं आठ अक्षरांच्या आत इंग्रजीतच द्या. आणि घरात कुणी वयस्कर असेल तर ‘भाव’ त्यांना चष्म्याशिवाय वाचून दाखवायला सांगा, माव म्हणाले तर तो ठिपका मोकळा करा.