वाचकांचे प्रश्न : मागच्या चाकांची गाडी आणि मनालीचा बर्फ

प्रश्न : आमच्याकडे स्कॉर्पिओ-एनचे फोर बाय टू डिझेल मॉडेल आहे. जानेवारीत आम्ही पाच जण कोल्हापूरहून मनालीला आणि तिथून अटल बोगद्यातून सिस्सूपर्यंत जाणार आहोत. मेहुणे म्हणतात, फोर बाय फोर नसेल तर बर्फाकडे फिरकूही नका. शेजारी म्हणतात, एवढी उंच, दणकट गाडी आहे, कुठेही जाईल. कोणाचे ऐकावे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दोघेही गाडी वर चढेल की नाही, एवढाच विचार करून बोलत आहेत. मनालीच्या रस्त्यावर खरी परीक्षा असते ती परत खाली उतरताना.

आधी चढाचे पाहू. फोर बाय फोर गाडीत इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळते; आपल्या फोर बाय टू गाडीत ती फक्त मागच्या चाकांना मिळते आणि जड डिझेल इंजिन पुढे असते, त्यामुळे रिकाम्या गाडीची मागची बाजू हलकी राहून चाके जागच्या जागी फिरतात. पाच माणसे आणि सामान भरले की मागच्या चाकांवर वजन येते. शिवाय चढावर गाडीचा भार आपोआप मागे झुकतो, म्हणून भरलेली मागच्या चाकांची गाडी चढाला वाटते तितकी वाईट नसते. मात्र सामान टपावरच्या कॅरिअरवर न बांधता आत, मागच्या आसाजवळ ठेवावे. वाळूची दोन पोती घट्ट बांधून ठेवली तर वजनही होते आणि चाक अडकल्यास तीच वाळू त्याच्याखाली टाकता येते. तरीही मर्यादा ओळखावी : कोरड्या डांबरावर टायरची जी पकड असते, तिचा सातवा हिस्साच गुळगुळीत बर्फावर उरतो. निम्मे वजन मागच्या चाकांवर असलेली गाडी अशा बर्फावर शंभर मीटरला पाच मीटर चढणाऱ्या रस्त्यावरच हात टेकते.

आता उतार. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या रस्त्यावर ब्रेक लावल्यापासून साधारण ५ मीटरमध्ये थांबते. सपाट बर्फावर तिला ३५ मीटर लागतात, आणि शंभराला पाचचा उतार असेल तर सुमारे ७०. उतार शंभराला दहा झाला की ब्रेक कितीही दाबला तरी गाडी थांबत नाही. हा हिशेब फोर बाय फोरलाही तसाच लागू आहे, कारण ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात. मेहुण्यांना हे जरूर सांगावे. डिसेंबर २०२४ मध्ये नाताळच्या तोंडावर सोलंग आणि अटल बोगद्याच्या दरम्यान शेकडो गाड्या अडकल्या, त्या काही सगळ्या फोर बाय टू नव्हत्या.

आपल्या गाडीची स्वतःची खोड मात्र याच उतारावर दिसते. उतारावर भार पुढे झुकतो, मागची चाके हलकी होतात, आणि इंजिनाचा ब्रेक, म्हणजे खालच्या गिअरमध्ये इंजिन गाडीला घालते तो आवर, नेमका याच हलक्या चाकांवर पडतो. घाईने एकदम पहिला गिअर टाकला, तर हँडब्रेक ओढल्यासारखी मागची चाके अडखळतात आणि गाडीची मागची बाजू फिरून पुढे येऊ पाहते. म्हणून उतार सुरू होण्याआधीच दुसऱ्या गिअरमध्ये यावे आणि क्लच अलगद सोडावा. मागची बाजू सरकलीच, तर क्लच दाबावा, ब्रेकवरून पाय काढावा आणि ती ज्या बाजूला सरकते आहे त्याच बाजूला स्टिअरिंग हलकेच वळवावे. मी मनालीजवळच्या पलचान गावाच्या वर एका वळणावर, तोंड उताराकडे करून उभी केलेली रिकामी गाडी हँडब्रेक पूर्ण ओढलेला असताना बोटभर-बोटभर खाली सरकताना पाहिली आहे. आत कोणी नव्हते आणि चालक चहा पीत होता. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना धरतो, आणि तीच चाके तिथे हलकी झालेली होती. त्यामुळे उभे राहायचे तर सपाट जागा शोधावी, गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकांना दगड लावावेत.

बोगद्याबाबत एक सूचना. ९.०२ किलोमीटरचा हा बोगदा तीन हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे; आतला रस्ता बराचसा कोरडा असल्याने वेग नकळत वाढतो आणि तोंडाबाहेर सावलीत गोठलेला, डांबरासारखाच दिसणारा पातळ बर्फ असू शकतो. बाहेरचा उजेड दिसू लागताच वेग कमी करावा.

माझे मत विचाराल तर, आकाश स्वच्छ आहे आणि रस्ता काळा दिसतो आहे अशा दिवशी सकाळी दहानंतर निघून दुपारी तीनच्या आत आपण आपली गाडी सिस्सूहून खुशाल परत आणावी. बर्फ पडत असेल किंवा आदल्या रात्री पडला असेल, तर गाडी मनालीत ठेवून स्थानिक फोर बाय फोर टॅक्सी करावी. अशा दिवशी पर्यटकांच्या गाड्या पोलीस अनेकदा मनालीजवळच्या नेहरू कुंडापाशीच अडवतात, तेव्हा हुज्जत घालून उपयोग नसतो. तो टॅक्सीवालाही बर्फावर आपल्याइतकाच घसरू शकतो, पण कोणत्या वळणावर नाल्याचे पाणी गोठते हे त्याला पाठ असते.

प्रश्न : बर्फात टायरवर चढवायच्या साखळ्या दोनच मिळाल्या तर पुढच्या चाकांना लावाव्यात की मागच्या? हिवाळी टायर घेतले तर साखळ्या लागतात का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ज्या चाकांना इंजिनाची ताकद मिळते त्यांना, म्हणजे मागच्या चाकांची गाडी असेल तर मागे. मात्र मग पुढची चाके बर्फावर उघडी राहतात, गाडी पुढे जाते पण वळायला कुरकुरते. वळण दिसण्याआधीच वेग उतरवून ठेवावा. चारही चाकांना लावता आल्या तर उत्तमच. टायरच्या कडेवरचा आकडा, उदाहरणार्थ २४५/६५ आर १७, दाखवूनच साखळी घ्यावी आणि निघण्यापूर्वी घराच्या अंगणात दोनदा चढवून पाहावी, कारण गारठलेल्या बोटांनी पहिल्यांदा शिकायला गेलात तर अर्धा तास सहज जातो. शंभरेक मीटर गेल्यावर थांबून पुन्हा आवळावी, वेग चाळिसाच्या वर नेऊ नये, आणि कोरडे डांबर लागले की काढावी. तुटलेली कडी चाकाच्या वरच्या पत्र्याला फोडते.

हिवाळी टायरचे रबर सात अंशांखालीही मऊ राहते, आपले नेहमीचे टायर मात्र कडक होतात. घेताना डोंगराच्या तीन शिखरांत हिमकण असलेले चिन्ह पाहावे. आपल्याकडे ते सहजासहजी मिळत नाहीत आणि आठ दिवसांच्या सहलीसाठी तो खर्च मला पटत नाही. मिळालेच तर चारही बदलावेत. फक्त मागे लावून पुढे जुने ठेवणे धोक्याचे. उघड्या गुळगुळीत बर्फावर साखळ्या तरीही लागतात.

प्रश्न : उन्हाळ्यात कूलंट कमी झाले की आम्ही साधे पाणी घालतो. त्याच गाडीने हिमाचलला गेलो तर चालेल का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : चालणार नाही. निम्मे कूलंट आणि निम्मे पाणी असे मिश्रण उणे ३५ अंशांच्या आसपासपर्यंत टिकते, पण वरचेवर पाणी घालून ते पातळ झाले की रात्री गोठते, फुगते आणि रेडिएटर किंवा इंजिनाचा ब्लॉक तडकवते. निघण्यापूर्वी सगळे बदलून घ्यावे. काच धुण्याच्या टाकीतही न गोठणारे द्रावणच भरावे, आणि सकाळी काचेवर बर्फाचा थर दिसला तर प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावा. हॉटेलातून गरम पाण्याची बादली आणून ओतली तर काच तडकू शकते.